ज्याला थांबता येते त्याचा भाव

भाव कोण ठरवितो, असे विचारले तर अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक उत्तर देते : मागणी आणि पुरवठा. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. मागणी-पुरवठा भावाच्या मर्यादा आखून देतात. त्या मर्यादांच्या आत भाव नेमका कोठे टेकावयाचा, हे मात्र 'नाही' म्हणून घरी परत जाण्याची ताकद कोणाला आहे, यावर ठरते. हिलाच सौदाशक्ती म्हणावयाचे. तिचा इतिहास पाहण्यासाठी आपणांस दूर जावयास नको; मराठवाड्याचा कापूस पुरेसा आहे.

1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आपल्या शहरावरून धावू लागली. तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच असलेल्या जालन्यासारख्या पेठांत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. रेल्वेने शेतकऱ्याला दूरचे गिऱ्हाईक दिले; सौदाशक्ती दिली नाही. व्यापाऱ्याला मुंबईचा भाव तारेने कळे. शेतकऱ्याला तो व्यापाऱ्याच्याच तोंडून ऐकावा लागे. पेरणीला कर्ज देणारा आणि सुगीला माल घेणारा पुष्कळदा एकच असे. माल निघताच सारा आणि व्याज दारात उभे. अशा माणसाला थांबता येत नाही. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याच्या मालाचा भाव दुसराच ठरवितो. त्यात रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे, वजनातला कडता, अडत, तोलाई यांची भर.

यावर कायदे झाले. शेजारच्या वऱ्हाडात 1897 साली, हैदराबाद संस्थानात 1930 साली, महाराष्ट्र राज्यात 1963 साली. रुमालाखालचा सौदा उघड्या लिलावात यावा, काटा खरा असावा, हा त्यांचा हेतू. तो मोलाचाच, परंतु उघडा लिलावही कर्जदाराला थांबण्याची शक्ती देत नाही. पुढे 1972 पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार कापूस खरेदीची योजना चालली. खासगी व्यापारी दूर झाला, हमीचा भाव आला. पण खरेदीदार पुन्हा एकच उरला! पैसे हप्त्यांनी आणि उशिरा मिळत. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरून सीमा ओलांडी. मालक बदलला, तरी दार एकच होते.

मजुरीचीही गोष्ट हीच. मालक व मजूर यांच्या झगड्यात मालक अधिक काळ तग धरू शकतो, हे अ‍ॅडम स्मिथने 1776 सालीच नोंदविले होते. 1972 च्या दुष्काळानंतर, 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला, ती ही योजना. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. या कायद्याने शेतमालकाला मजुरीचा आकडा सांगितला नाही. मजुराला दुसरे दार दाखविले. जेथे काम खरोखर निघाले, तेथे मालकाला त्या दाराचा हिशेब धरणे भाग पडले.

म्हणून कोणताही भाव रास्त की अन्याय्य, हे ठरविताना केवळ आकडा पाहू नये. वेळेवर मिळणारे कर्ज, माल ठेवावयास गोदाम, एकाहून अधिक गिऱ्हाइके आणि हाताला दुसरे काम, यांतून माणसाला थांबता येते. ज्या समाजात एका पक्षाला थांबता येते आणि दुसऱ्याला येत नाही, तेथे सौदा राजीखुषीचा दिसला तरी तो राजीखुषीचा नसतो.