वॉलर काउंटींतील विद्यार्थ्यांचा मताधिकार : एका प्रश्नावलीचा इतिहास

(१) मताधिकाराचा इतिहास लिहितांना घटनेचीं कलमें व श्रेष्ठ न्यायालयांचे निवाडे यांचाच आधार बहुधा घेतला जातो. परंतु कागदावर मिळालेला हक्क मतपेटीपर्यंत पोंचतो कीं नाहीं, हें पुष्कळदां एखाद्या कचेरींतील मेजावर ठरतें. अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांतील वॉलर काउंटींत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढें ठेवण्यांत आलेली एक प्रश्नावली या दृष्टीनें उद्बोधक आहे. तिची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

(२) प्रथम स्थळाविषयीं. प्रेअरी व्ह्यू येथील विद्यालय १८७६ सालीं कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसाठीं स्थापन झालें. ज्या भूमीवर तें उभें आहे, तेथें पूर्वीं गुलामांच्या श्रमांवर चालणारा आल्टा व्हिस्टा नांवाचा मळा होता. काउंटीचें मुख्य ठाणें हेंपस्टेड हें तेथून सुमारें ७ मैलांवर आहे. विरळ वस्तीच्या काउंटींत हजारों विद्यार्थी मतदार झाले, तर स्थानिक निवडणुकांचे निकाल फिरूं शकतात, ही गोष्ट पुढील प्रकरण वाचतांना ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

मतदारांची नोंद करण्याचें काम टेक्ससच्या बहुतेक काउंट्यांत करवसुली अधिकाऱ्याकडे होतें. यास ऐतिहासिक कारण आहे. १९०२ सालीं तेथें मतपट्टी बसविण्यांत आली व तिची पावती हाच मतदाराचा दाखला ठरला. १९६६ सालीं न्यायालयानें ती पट्टी रद्द केली. तथापि मतदारांची नोंदवही पट्टी वसूल करणाऱ्याच्याच हातीं राहिली.

(३) १९७० च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मताधिकाराची वयोमर्यादा १८ वर्षांवर आणण्याचा काँग्रेसचा अधिकार मध्यवर्ती निवडणुकांपुरताच आहे. एकाच माणसाला एका निवडणुकींत मत आहे व त्याच दिवसाच्या दुसऱ्या निवडणुकींत नाहीं, असा प्रसंग त्यामुळें ओढवणार होता. म्हणून घटनेची २६ वी दुरुस्ती त्वरेनें पुढें आली व १ जुलै १९७१ रोजीं पुरेशा संस्थानांची संमति मिळून ती पूर्ण झाली. वयाचा प्रश्न येथें मिटला. वास्तव्याचा प्रश्न मात्र उभा राहिला.

वॉलर काउंटीचे नोंदणी अधिकारी लीरॉय सिम हे विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेत. काउंटींत तुमचें घर अथवा मालमत्ता आहे काय? नोकरी आहे काय? मोटार येथें नोंदलेली आहे काय? महाविद्यालयाबाहेरील एखाद्या चर्चचे वा मंडळाचे तुम्ही सभासद आहांत काय? शिक्षण संपल्यावर काय करणार? सुटींत कोठें राहतां? अशा आशयाचे ते प्रश्न होते. विशीच्या आंतबाहेरील, वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकीं बहुतेकांचीं उत्तरें नकारार्थीच द्यावीं लागणार, हें उघड आहे.

सिम यांच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, वास्तव्याची अट त्यांनीं नव्यानें काढलेली नव्हती. ती कायद्यांतच होती. परंतु ज्यांना ते किंवा त्यांचे मदतनीस ओळखत, अथवा ज्यांचीं नांवें कराच्या वहींत होतीं, त्यांना हे प्रश्न पुसले जात नसत. म्हणजे अट सर्वांना एक असली, तरी पुराव्याचा भार एकाच वर्गावर पडे. मालमत्तेला वास्तव्याचें गमक मानणें कितपत युक्त, हा प्रश्न निराळाच. आपल्याकडील १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें २० व्या कलमांत, केवळ घर मालकीचें आहे एवढ्यावरून माणूस तेथील रहिवासी ठरत नाहीं, असें स्पष्ट सांगितलें आहे.

(४) या प्रश्नावलीविरुद्धच्या पहिल्या फिर्यादी फसल्या. १९७२ व १९७४ सालच्या निकालांत न्यायालयांनीं तिला बाध आणला नाहीं. १९७६ सालीं खुद्द मध्यवर्ती सरकार वादी झालें. १९७८ सालीं तीन न्यायाधीशांच्या न्यायालयानें २६ व्या दुरुस्तीच्या आधारें प्रश्नावलीचा हा उपयोग कायमचा मना केला. १५ जानेवारी १९७९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विस्तृत निकालपत्र न लिहितांच तो निर्णय कायम केला. विद्यार्थ्याला विद्यालयाच्या गांवीं मतदार होतां येतें, या तत्त्वाचा हाच मुख्य आधार झाला.

(५) प्रकरण येथें संपलें असें मात्र नाहीं. १९९२ सालीं प्रेअरी व्ह्यूच्या १९ विद्यार्थ्यांवर बेकायदा मतदानाचे आरोप ठेवण्यांत आले. ते पुढें सोडून द्यावे लागले. २००३ च्या अखेरीस काउंटीच्या सरकारी वकिलानें विद्यार्थ्यांच्या पात्रतेविषयीं पुन्हां शंका काढली. त्यावर विद्यार्थ्यांनीं फिर्याद केली व २००४ सालीं मोर्चाही काढला. २००८ सालीं मुदतपूर्व मतदानाचीं केंद्रें दूर ठेवलीं गेलीं, तेव्हां विद्यार्थी विद्यालयापासून हेंपस्टेडपर्यंत पायीं चालत गेले. विद्यालयाच्या आवारांत मतदान-केंद्र मिळालें तें २०१३ सालीं. २०१८ सालीं तेथील मुदतपूर्व मतदानाचे दिवस अपुरे असल्याबद्दल पुन्हां फिर्याद झाली. २०२२ सालीं ती फेटाळली गेली. टेक्ससच्या २०११ च्या कायद्यानें तर ओळखीचा दाखला म्हणून पिस्तुल बाळगण्याचा परवाना ग्राह्य धरला, विद्यार्थ्याचें ओळखपत्र धरलें नाहीं.

(६) वरील हकीकतीवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, १९७९ पूर्वींची अडचण ‘तूं येथला कोण?’ अशा स्वरूपाची होती; नंतरची बहुतांशीं ‘मत कोठें व केव्हां देशील?’ अशी झाली. पहिलीस न्यायालयाचा निवाडा उपयोगी पडला. दुसरीस तो क्वचितच पुरतो, कारण अंतर, तास व दाखले यांची व्यवस्था दर निवडणुकीस नव्यानें होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विद्यार्थी चार वर्षांनीं निघून जातो. कचेरी व तिचें दप्तर जागच्या जागीं राहतें. १९७९ चा निवाडा ज्यांनीं मिळविला, ते १९९२ सालच्या विद्यार्थ्यांना सांगण्यास तेथें नव्हते. म्हणून प्रत्येक नव्या पिढीला तोच झगडा मुळापासून मांडावा लागला. नोंदणीच्या मुदती, पत्ता लिहिण्याची रीत व पूर्वींचे निवाडे यांची माहिती आधींच्या विद्यार्थ्यांकडून पुढच्यांकडे लेखी स्वरूपांत गेली, तर हा खंड कांहीं अंशीं भरून निघेल. मतदाराला साह्य करणें म्हणजे त्याला केंद्रापर्यंत नेणें एवढेंच नव्हे. आपल्याआधीं येथें काय घडलें, हें त्याला ठाऊक करून देणें हेंही त्यांतच येतें.