विद्यार्थ्यांचे गाव : कोल्हापूर

एखादे शहर विद्येचे ठिकाण म्हणून नावारूपास आले, म्हणजे त्याचा इतिहास लिहिणारा बहुधा तेथील कॉलेजांच्या स्थापनेची साले देतो आणि नामांकित प्राध्यापकांची मालिका सांगतो. परंतु वळकटी आणि ट्रंक घेऊन खेड्यातून प्रथमच तेथे उतरलेल्या मुलापुढे निराळाच प्रश्न उभा असतो. रात्री निजावयाचे कोठे आणि दोन वेळा जेवावयाचे कोठे? विद्येच्या गावाचा खरा उंबरठा हाच होय. तो कोणास ओलांडता आला व कोणास आला नाही, हे पाहावयाचे तर कोल्हापूरसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तलेल्या तरुण राजाराम महाराजांचे नाव त्यास देण्यात आले. या कॉलेजच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. वडील वारल्यावर थोरल्या बंधूंनी शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास धाकट्या भावाकडे धाडीत. पुढे ज्यांच्या शब्दास साम्राज्याच्या दरबारी वजन आले, त्यांच्या विद्येचा पाया या आठ रुपयांवर उभा होता.

ज्यास आठ रुपयेही मिळत नसत, त्याने काय करावे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास माधुकरीचा आधार होता. सात घरी सात वार लावून जेवण्याची सोयही होती. त्यात मानहानीचे प्रसंग येत, पण पोट भरे. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलास ही वाट नव्हती. त्यास वार कोण देणार? खानावळीतही पंगत जातीची असे. एखाद्यास फी माफ झाली, तरी शहरात त्यास पथारी टाकण्यास जागा नसे. शाळेचे दार उघडे असूनही शिक्षण बंद राहात असे, ते असे.

शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतल्यावर हे मर्म अचूक ओळखले. १८९६ साली सर्व जातींकरिता म्हणून एक वसतिगृह निघाले होते. परंतु थोड्याच काळात ते व्यवहारात एकट्या ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. या अनुभवातून महाराजांनी दुसरा मार्ग धरला. प्रत्येक समाजाने आपले वसतिगृह काढावे, दरबाराने जागा व साहाय्य द्यावे. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे १९०६ मध्ये मुसलमान, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी परंपरा सुरू झाली. दसरा चौकाच्या आसपास आजही यांतील काही वास्तू एकमेकींच्या शेजारी दिसतात. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणण्याचा प्रघात पडला, तो सार्थच होय.

मात्र या व्यवस्थेस एक मर्यादा होती. जातवार वसतिगृहांनी मुलास शहरात आणले. पण शहरात आल्यावरही तो आपल्याच पंगतीत राहिला. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आला. परत आल्यावर स्नान करून मगच जेवणास बसावे, असा त्यास हुकूम झाला. त्याने स्नान करण्याचे साफ नाकारले आणि त्यास बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवून दाखविली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचेच नाव देण्यात आले. ज्या कोल्हापुराने प्रश्न सोडविला, त्याच कोल्हापुरातून त्याची पुढची पायरीही निघाली.

डॉ. बाळकृष्ण हे १९२२ पासून १९४० पर्यंत राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या काळात माधव जूलियन तेथे फारशी शिकवीत आणि ना. सी. फडके तत्त्वज्ञान. मध्यम आकाराच्या गावाचे सुख असे की, ज्या कवीची कविता वाचावयाची, तोच सायंकाळी रंकाळ्याच्या वाटेवर पायी जाताना दिसावा. पुस्तकवाला, खानावळवाली आणि खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे यांचे वर्षही कॉलेजच्या सत्रांबरोबर चाले. जूनमध्ये गल्ल्या गजबजत, परीक्षेच्या दिवसांत माडीवरचे दिवे मध्यरात्रीपर्यंत जळत आणि मेमध्ये सारे सामसूम होई.

१९६२ साली सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि या गावाच्या विद्यापरंपरेवर कळस चढला. परंतु पायाचा दगड शोधावयाचा, तर तो कॉलेजच्या इमारतीपेक्षा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातच सापडेल. विद्येचे गाव म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक शहराची परीक्षा अजूनही तीच आहे : परगावच्या गरीब मुलास तेथे पहिल्या रात्री जेवण आणि निवारा मिळतो काय, आणि तो देताना त्याची जात कोणी विचारतो काय?