इंधनपंपाचे शहर आणि कॅन बसचा तक्ता

बंगळूरमधील ‘मायको लेआउट’ या वस्तीच्या नावात एका कारखान्याची आठवण आहे. जर्मनीच्या बॉशशी निगडित असलेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ साली स्थापन झाली आणि आडुगोडीच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंधनपंप तयार होऊ लागले. इंजिनाचा वेग वाढला हे त्या पंपाला कळे ते गव्हर्नरच्या फिरत्या वजनांमुळे. निरोप आणि निरोप्या, दोन्ही लोखंडाचेच होते.

पुढे वाहनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले, तेव्हा प्रत्येक निरोपासाठी वेगळी तार ओढावी लागू लागली. बॉशने १९८३ मध्ये यावर काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, अर्थात कॅन, मांडले. पुढच्याच वर्षी इंटेलची चिप आली. १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक.

कॅनच्या संदेशावर ना पाठवणाऱ्याचे नाव असते, ना घेणाऱ्याचा पत्ता. असतो तो केवळ संदेशाचा क्रमांक. दोन उपकरणे एकाच वेळी बोलू लागली, तर लहान क्रमांकाचा संदेश अखंड पुढे जातो. दुसरे उपकरण गप्प बसते आणि नंतर पुन्हा प्रयत्न करते. विजेत्याचा एक क्षणही वाया जात नाही. ही युक्ती खरोखर देखणी आहे.

परंतु तिच्यामुळे सारा भार सॉफ्टवेअरमधील एका तक्त्यावर येऊन पडतो. कोणता संदेश कोणत्या क्रमांकाने, किती मिलिसेकंदांनी पाठवायचा, त्यातील बाइट्सचा क्रम कोणता, एका अंकाचे मोल किती, हे सर्व त्यात भरावे लागते. समजा, वेगाचा एक अंक म्हणजे मिनिटाला पाव फेरा. मग ३,००० फेऱ्यांसाठी १२,००० ही संख्या दोन बाइटांत जाते. घेणाऱ्याने बाइट्सचा क्रम उलटा धरला, तर तीच संख्या ५७,३९० होते आणि वेग १४,३४७ फेऱ्यांच्या वर दिसतो. त्रुटितपासणी हे पकडू शकत नाही, कारण तिच्या लेखी प्रत्येक बिट जसाच्या तसा पोचलेला असतो. अतिउत्साहाने प्रत्येक मिलिसेकंदाला आठ बाइटांचा संदेश पाठवला, तर सेकंदाला ५ लाख बिट वाहणाऱ्या तारेचा जवळजवळ चौथा हिस्सा एकटा तोच अडवतो. मोठ्या क्रमांकांचे संदेश मागे ताटकळत राहतात.

मर्सिडीज-बेंझचे संशोधन केंद्र १९९६ मध्ये बंगळूरला आले. बॉशनेही त्याच दशकात तेथे सॉफ्टवेअरचे काम उभारले. पंप घडवणाऱ्या शहरात नियंत्रकांच्या आज्ञावल्या लिहिल्या जाऊ लागल्या. मायकोचे नाव २००८ मध्ये ‘बॉश लिमिटेड’ झाले, वस्तीचे मात्र तसेच राहिले.

पाठवणाऱ्याची ओळख नसण्याची किंमत २०१५ मध्ये दिसली. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी दूर बसून, इंटरनेटमार्गे शिरून, धावत्या जीपच्या कॅनवर आपले संदेश सोडले. कंपनीला सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. जुन्या कॅनच्या आठ बाइटांत सहीला जागा फारशी नव्हती. २०१२ च्या ‘कॅन एफडी’मध्ये एका संदेशात ६४ बाइट मावतात, आणि सही कोणत्या संदेशावर हवी, हा नवा रकाना आता तक्त्यात भरावा लागतो.