वास्तुरचनाकार, आरेखन आणि बांधकाम : मुंबईतील तीन वास्तूंच्या संदर्भात

प्रस्तावना

जुन्या वास्तूंची माहिती देताना इतिहासग्रंथ आणि मार्गदर्शिका बहुधा एकाच व्यक्तीचे नाव देतात. मुंबई विद्यापीठाचे सभागृह व ग्रंथालय स्कॉटचे, व्हिक्टोरिया टर्मिनस स्टीव्हन्सचे, असे सांगितले की विषय संपतो. या प्रथेमागे एक गृहीतक आहे. वास्तू म्हणजे कागदावरील आरेखनाची दगडात उतरवलेली नक्कल होय आणि म्हणून ज्याचे आरेखन त्याचीच वास्तू, असे त्यात मानलेले असते. प्रत्यक्षात पहिल्या कच्च्या आराखड्यापासून अखेरच्या मोजमापापर्यंत आरेखन अनेकांच्या हातांतून जाते. त्याच्या नकला होतात, त्यावरून अंदाजपत्रक तयार होते, पाथरवट आणि गवंडी यांच्यासाठी त्याचा अर्थ लावावा लागतो आणि प्रसंगी त्यात भरही घालावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबई ही या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. प्रस्तुत निबंधात तीन वास्तूंचा विचार केला आहे. पहिलीचा रचनाकार मुंबईत कधीच आला नाही. दुसरीचा रचनाकार या शहरातच राहून काम करीत होता. तिसरीच्या रचनाकाराचे काम पूर्ण होण्यापूर्वीच निधन झाले. रचनाकाराच्या उपस्थितीचा आणि अनुपस्थितीचा आरेखनाच्या अधिकारावर काय परिणाम होतो, हे या तीन उदाहरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

आरेखनाची पूर्वपरंपरा

भारतीय शिल्पशास्त्रात रचना आणि बांधकाम यांची फारकत झालेली नव्हती. 'मयमत' व 'मानसार' या ग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी असे चार शिल्पी सांगितले आहेत. त्यांपैकी सूत्रग्राहीकडे मापनाचे काम असे. सारे एकाच कार्यस्थळावर, एकाच परंपरेत शिकलेले असत. भोपाळजवळील भोजपूर येथे अकराव्या शतकातील अपूर्ण शिवमंदिराच्या परिसरात खडकांवर मंदिराच्या विविध भागांची रेखाटने कोरलेली आढळतात. आरेखन येथे बांधकामाच्या जागेवरच होते. ते दुसऱ्या शहरातून येत नव्हते.

युरोपात पंधराव्या शतकात लेओन बातिस्ता अल्बर्ती याने रचना ही बुद्धीची कृती असून ती बांधकामापासून वेगळी मानता येते, हा विचार ठामपणे मांडला. तो स्वतः अनेकदा कार्यस्थळापासून दूर असे. रिमिनी येथील चर्चचे काम पाहणाऱ्या मात्तेओ दे पास्ती याला १४५४ मध्ये पाठवलेल्या पत्रात त्याने ठरलेली मापे व प्रमाणे बदलू नयेत, असे बजावले होते. दूरस्थ रचनाकाराची चिंता या पत्रात प्रथमच इतक्या स्पष्टपणे प्रकट झाली. चार शतकांनंतर हीच कार्यपद्धती समुद्रमार्गे मुंबईत पोहोचली.

अनुपस्थित रचनाकार : विद्यापीठाच्या इमारती

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा व्हिक्टोरियन इंग्लंडमधील अत्यंत व्यग्र वास्तुरचनाकार होता. त्याचे नाव आठशेहून अधिक इमारतींशी जोडले जाते. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे त्याने लंडनमधील आपल्या कार्यालयात केले. तो भारतात कधीही आला नाही. ग्रंथालय व मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये प्रत्येकी दोन लाख रुपयांची देणगी दिली होती आणि मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची कोनशिला बसवली गेली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचे हे काम पूर्ण झाले. तत्पूर्वी, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात स्कॉटचे निधन झाले होते.

या जवळजवळ दहा वर्षांत लंडनहून आलेल्या कागदांचे दगडात रूपांतर करण्याची जबाबदारी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर होती. तलविन्यास, दर्शनी बाजूचा नकाशा आणि छेद यांवरून इमारतीचे स्वरूप कळते, परंतु कुर्ल्याच्या दगडाला किती बारीक घडाई सोसेल, कोरीव कामासाठी पोरबंदरचा दगड कोठे वापरावा, पावसाळ्यात चुन्याचे काम केव्हा थांबवावे, हे त्यावरून कळत नाही. अशा प्रत्येक प्रश्नावर लंडनला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणे व्यवहार्य नव्हते. निर्णय जागेवरच घ्यावे लागत.

मनोऱ्यावरील शिल्पे हे या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. पश्चिम भारतातील विविध जाती-समुदायांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या चोवीस मूर्ती तेथे आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडवले. पागोट्याचा घाट, अंगरख्याची चुण, उभे राहण्याची ढब यांसाठी आवश्यक असलेले निरीक्षण लंडनमधील आरेखनाच्या मेजावर होणे शक्य नव्हते. गॉथिक चौकट स्कॉटची असली, तरी त्या चौकटीतील माणसे मुंबईतील कार्यालयात जन्माला आली. अनुपस्थित रचनाकाराच्या आरेखनात राहिलेली ही मोकळी जागा स्थानिक अभियंत्याने आपल्या ज्ञानाने भरून काढली, असे म्हणणे योग्य ठरते.

उपस्थित रचनाकार : व्हिक्टोरिया टर्मिनस

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १८६७ मध्ये भारतात आला आणि सार्वजनिक बांधकाम विभागात काम करू लागला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्यालयाचे व स्थानकाचे काम मिळाल्यावर आराखडा सादर करण्यापूर्वी त्याने दहा महिने युरोपातील रेल्वेस्थानकांचा अभ्यास केला. १८७८ मध्ये अ‍ॅक्सेल हेग या चित्रकाराने नियोजित वास्तूचे भव्य जलरंगचित्र तयार केले. आरेखनाचा हा प्रकार गवंड्यासाठी नव्हे, तर निर्णय घेणाऱ्या संचालकांसाठी आणि जनतेसाठी असतो. त्यावरून एक वीटही रचता येत नाही, परंतु त्याच्याशिवाय पैसा उभा राहणे कठीण असते.

बांधकाम सुमारे दहा वर्षे चालले व १८८८ मध्ये पूर्ण झाले. या काळात स्टीव्हन्स मुंबईतच असल्याने आरेखन हा एकदाच दिलेला आदेश राहिला नाही. शंका आली की ती रचनाकारापुढे मांडता येई. मध्यवर्ती अष्टकोनी घुमट हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा करून असे बसवले आहेत की लाकडी आधारसाचा न उभारता घुमट बांधता आला. अशा कामात प्रत्येक दगडाचे माप आधी नकाशावर निश्चित करावे लागते आणि वर चढवताना ते पुन्हा तपासावे लागते. ओळंब्याचे थोडेसे चुकलेले मापही वरच्या थरात वाढत जाते. आरेखन आणि देखरेख यांचा इतका निकटचा संबंध दूर बसून राखता आला नसता.

तरीही ही वास्तू एकट्या स्टीव्हन्सची नव्हती. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता म्हणून त्याच्यासमवेत होते. घुमटावरील 'प्रगती'ची मूर्ती थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची होती, तर इतर पुष्कळसे अलंकरण जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. उपस्थित रचनाकार आपले अधिकार स्वतःकडे ठेवतो, ही समजूत येथे खोटी ठरते. तो कार्यस्थळावर असल्यामुळेच इतरांवर काम सोपवणे त्याला शक्य झाले, कारण चूक झाल्यास ती वेळीच दुरुस्त करता येत होती.

रचनाकाराचे निधन : ताजमहाल हॉटेल

सीताराम खंडेराव वैद्य यांचे नाव पुढे स्वतंत्र रचनाकार म्हणून आढळते. जमशेटजी टाटा यांच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलचे मूळ रचनाकार वैद्य आणि डी. एन. मिर्झा हे होते. वैद्य यांचे काम अपूर्ण असतानाच निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते तडीस नेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले. त्यातील प्रसिद्ध अधांतरी जिन्याचे श्रेय खानसाहेब सोराबजी रतनजी या कंत्राटदाराकडे जाते.

या हॉटेलविषयी एक दंतकथा मुंबईत दीर्घकाळ सांगितली गेली. परदेशी रचनाकाराने आराखडा दिला, तो स्वदेशी गेला, परत येऊन पाहतो तो बांधणाऱ्यांनी नकाशा उलटा वाचून इमारत समुद्राकडे पाठ करून उभी केलेली. त्या धक्क्याने त्याने प्राण दिले, अशी ही कथा आहे. वस्तुस्थिती तिच्या विरुद्ध आहे. मूळ रचनाकार भारतीय होते आणि इंग्रज अभियंता आला तो काम पूर्ण करण्यासाठी. मुख्य प्रवेश शहराच्या बाजूस ठेवणे ही चूक नव्हती. समुद्रावरील वाऱ्याचा लाभ खोल्यांना मिळावा आणि गाड्यांना शहराकडून सहज येता यावे, हा त्यामागील विचार होता. पुढे प्रवेशद्वार समुद्राकडे नेण्यात आले आणि मूळ योजना विस्मृतीत गेली.

दंतकथा खोटी असली तरी ती इतिहासकाराला निरुपयोगी नाही. आरेखन करणारा तो परदेशी आणि ते चुकीचे वाचणारा तो देशी, ही विभागणी तिच्यात गृहीत धरलेली आहे. वैद्य यांच्या कारकिर्दीवरून नेमके उलट दिसते. स्टीव्हन्सच्या नकाशांवर काम करीत असलेला अभियंता स्वतः नकाशे रचू लागला होता. एकट्या रचनाकाराला सारे श्रेय देण्याच्या प्रथेने त्याच्याच कर्तृत्वावर पडदा टाकला.

आरेखकाकडून रचनाकाराकडे

हा प्रवास पुढे संस्थात्मक झाला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८९६ मध्ये आरेखकांचे वर्ग सुरू झाले. ट्रेसिंगच्या कापडावर हाताने नकला काढणारे कुशल कर्मचारी तयार करणे हा प्रारंभीचा हेतू होता. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तेथे वास्तुकलेचा पूर्ण अभ्यासक्रम उभा राहिला. १९१७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वास्तुविद्यार्थ्यांच्या संघटनेतूनच १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' ही संस्था आकारास आली. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने या व्यवसायाला वैधानिक मान्यता दिली.

निष्कर्ष

तीनही उदाहरणांत आरेखन हे बांधकामाच्या प्रारंभी संपणारे काम नव्हते, हे दिसून येते. रचनाकार दूर असताना त्यातील रिकाम्या जागा स्थानिक अभियंत्याने भरल्या. तो जवळ असताना ते रोजच्या देखरेखीचे साधन झाले. आणि त्याच्या निधनानंतर तोच सहकाऱ्यांसाठी उरलेला एकमेव दुवा ठरला. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसचा (२०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि २०१८ मध्ये विद्यापीठाच्या इमारतींसह मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा वास्तूंच्या जतनकार्यात क्रम उलटा होतो : प्रथम उभ्या इमारतीची मोजमापे घेतली जातात आणि त्यावरून नकाशे तयार होतात. मूळ नकाशा आणि हा नवा नकाशा यांत जो फरक आढळतो, तो सदोष बांधकामाचा पुरावा म्हणून बाजूला सारणे उचित नाही. मुकुंद रामचंद्र, सीताराम वैद्य आणि नाव न उरलेले असंख्य पाथरवट यांच्या निर्णयांची नोंद बहुधा तेवढ्याच जागेत शिल्लक आहे. मुंबईच्या वास्तूंचा इतिहास लिहिताना रचनाकाराच्या नावाबरोबर या नोंदीचेही वाचन होणे आवश्यक आहे.