२२ मे १९७३ : ‘इथरनेट’चे बारसे

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी या दिवशी एक टिपण टाइप केले. संगणक एकाच सामायिक तारेने जोडण्याच्या बेताला त्यांनी ‘इथर’वरून (प्रकाश वाहून नेणारे म्हणून एकेकाळी कल्पिलेले माध्यम) ‘इथरनेट’ हे नाव दिले.

या जाळ्याची शिस्त चारचौघांतल्या गप्पांची. दोघे एकदम बोलले, तर दोघांनी थांबायचे. मग ज्याने-त्याने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा सुरुवात करायची. मध्ये पंच नकोच! प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार देणारे ‘स्विच’ हे उपकरण आल्यावर या टकरी जवळपास संपल्या, मूळची जाड तारही गेली. नाव तेवढे टिकले. घरात वाय-फाय असले तरी राउटरच्या पाठीत ‘टक्’ आवाज करून बसते ती तार इथरनेटचीच. मेटकाफ यांना २०२२चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.