भाडेकरार नोंदणी (अल रुवैस, कतार)

भाडेकरार नोंदणी : भाड्याने दिलेल्या घराचा लेखी करार मालकाने सरकारदरबारी नोंदवण्याची कतारमधील पद्धत. अल रुवैस हे कतारच्या अगदी उत्तर टोकावरचे मासेमारीचे बंदर. दोह्याहून अल शमाल महामार्गाने तिथे जायचे तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. देशातल्या आठ नगरपालिकांपैकी अल शमाल या नगरपालिकेत हे गाव येते. त्याच किनाऱ्यावर अल जुमैलसारखी ओस पडलेली जुनी कोळीगावे आहेत. मशिदीचा मनोरा उभा, घरांच्या मात्र नुसत्या भिंती. अल रुवैस टिकले ते बंदरामुळे. २०१५ मध्ये बंदर वाढवून ते व्यापारी मालवाहतुकीला खुले झाले.

गावासाठी वेगळा असा नियम नाही. घरभाड्याचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे, आणि त्यात घरमालकाला परवाना काढावा लागत नाही. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार एका घरात वेगवेगळ्या कुटुंबांतली मिळून पाच किंवा अधिक माणसे राहत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून घर भाड्याने देणाऱ्याला आपले नाव नोंदवावे लागते. कतारने मालकाला सोडून कागद धरला. परवाना लागतो तो दलालाला : २०१७ च्या कायदा क्र. २२ प्रमाणे स्थावर मालमत्तेची दलाली परवान्याशिवाय करता येत नाही.

मराठी वाचकाचा इथे थोडा गोंधळ होतो, कारण ‘लायसन्स’ हा शब्द आपल्याकडे घरभाड्याला कायमचा चिकटला आहे. पण अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’मध्ये परवाना देणारा मालक असतो आणि घेणारा भाडेकरू; सरकारने मालकाला दिलेला तो परवाना नव्हे. नोंदणीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे तर्कशास्त्र सारखे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कतारमध्येही जबाबदारी मालकाचीच.

मूळ कायदा २००८ चा, क्रमांक ४. दोह्यात भाडी भडकली होती त्या काळातला. त्याप्रमाणे करार लेखी हवा आणि तो नगरपालिका मंत्रालयाच्या अखत्यारीतील भाडेकरार नोंदणी कार्यालयात नोंदवायला हवा. हे काम आता ऑनलाइनही होते. करार बहुधा अरबी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत छापलेला असतो. वाद झाल्यास अरबी मजकूर खरा. सही करण्यापूर्वी घराच्या दाराशेजारची निळी पाटी नीट पाहून घ्यावी. तिच्यावर विभाग, रस्ता आणि इमारत असे तीन क्रमांक असतात. करारातला पत्ता म्हणजे तेच तीन आकडे. त्यातला एक जरी चुकला तरी पुढची सगळी कागदपत्रे दुसऱ्याच घराची होतात. २०१७ च्या राष्ट्रीय पत्ता कायद्याखाली रहिवाशाला आपला पत्ता नोंदवावा लागतो, तोही याच आकड्यांनी.

जबाबदारी मालकाची असली तरी घाई असते भाडेकरूला. गावाहून बायकामुलांना आणायचे तर कुटुंबाच्या निवास-व्हिसासाठी नोंदवलेला करार दाखवावा लागतो. ‘कहरामा’ म्हणजे वीज आणि पाणी पुरवणारे सरकारी महामंडळ. तिथे आपल्या नावावर जोडणी घ्यायची तरी हाच कागद पुढे करायचा. त्यामुळे कायद्याच्या धाकापेक्षा व्हिसाच्या गरजेने जास्त काम केले असावे, असे म्हणायला जागा आहे.

भाडे बहुधा पुढच्या तारखांच्या धनादेशांनी दिले जाते. वर्षाचा करार असेल तर बारा चेक एकाच बैठकीत लिहून मालकाच्या हवाली करायचे. आपल्याकडून नव्याने गेलेल्या माणसाला हे साधे वाटते; पण न वटलेला चेक हा कतारच्या २००४ च्या दंडसंहितेनुसार फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. मधेच नोकरी सुटली तर करार मोडण्याआधी उरलेले चेक परत मागून घेणे हे म्हणूनच पहिले काम.

अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या ‘डिपॉझिट’च्या मानाने हे हलकेच. आवश्यक दुरुस्ती मालकाने करायची. लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही; ठेवल्यास घर रिकामे करून मागण्याचा मालकाला अधिकार. तंटा नेहमीच्या न्यायालयाऐवजी भाडेतंटा निवारण समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष न्यायाधीश असतो आणि तिच्या निर्णयावर अपील करता येते.

परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद वेगळ्याच कायद्यात आहे. २०१० च्या कायदा क्र. १५ ने कुटुंबवस्तीतली घरे कामगारांच्या समूहांना राहायला देण्यास बंदी घातली. २०१९ मध्ये कायदा क्र. २२ ने तो आणखी कडक केला. ‘फॅमिली’ आणि ‘बॅचलर’ ही आखातातल्या प्रत्येक भाडेजाहिरातीतली विभागणी इथे थेट कायद्यात उतरली आहे. बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. गावी बायको आणि तीन मुले असलेला, पण इथे एकटा राहणारा माणूसही बॅचलरच. व्हिलामध्ये प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या पाडायच्या आणि ‘बेडस्पेस’ म्हणून एकेक पलंग भाड्याने द्यायचा, हा धंदा या कायद्याच्या आणि बांधकाम नियमांच्याही विरुद्ध जातो. अशा खोलीतल्या माणसाजवळ नोंदवलेला करार नसतो, म्हणून निळ्या पाटीचे आकडे रोज डोळ्यांसमोर असूनही ते त्याला आपला पत्ता म्हणून सहजी लावता येत नाहीत.

परदेशी व्यक्तींना मालकी हक्काने किंवा दीर्घ मुदतीच्या वापरहक्काने मालमत्ता घेता येईल असे भाग २०२० मध्ये ठरवून दिले गेले. त्यांत दोहा, लुसैल, पर्ल बेट असे भाग आहेत, अल रुवैस नाही. त्यामुळे इथे आलेला परदेशी माणूस भाडेकरू तरी असतो, नाहीतर कंपनीच्या खोलीतला रहिवासी. आणि नोकरीपोटी मिळालेली घरे २००८ च्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. बंदरावर किंवा बोटीवर काम करणाऱ्याला नोकरी देणाऱ्यानेच खोली दिली, तर तिचा भाडेकरार होत नाही. ना अनामत, ना चेक, ना समिती. नोकरी सुटली की किल्ली परत.