तीन हजार कार्षापणांचा हिशेब

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा मी हो म्हणालो खरा; पण भूमिपूजन, पहिली कार्यकारिणी, बोअरवेल, लिफ्ट हे सगळं अहवालात आलेलंच आहे. मला लिहायचंय ते गेल्या सर्वसाधारण सभेत अर्धवट राहिलेल्या एका विषयाबद्दल. त्यासाठी जरा लांबून, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांमागून यावं लागेल. कंटाळा करू नका, सगळं आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या पांडवलेण्यांच्या डोंगरावरच घडलेलं आहे.

विषय होता गेटजवळच्या स्मारकाचा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यातले पाच जण गेले. त्यांच्या आठवणीसाठी पंचवीस वर्षांच्या निमित्ताने काहीतरी कायमचं उभारावं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मतभेद सुरू झाले ते त्यानंतर. काळा पाषाण की संगमरवर, शिल्प की नुसता शिलालेख, नावं विंगप्रमाणे की अकारविल्हे, सोबत दिव्यांचं कारंजं हवं की नको. दोन मूर्तिकारांची कोटेशन्सही आली होती. तासभर चर्चा झाल्यावर बी विंगमधल्या काकू शेवटच्या रांगेतून म्हणाल्या, "आणि रोज पुसणार कोण?" सभा हसली. मीही हसलो. घरी आल्यावर लक्षात आलं, की त्या पाच नावांत एक नाव त्यांच्या मुलाचं आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी लेण्यांवर गेलो. नोकरीत असताना पाहुण्यांना घेऊन कितीदा तरी गेलोय, पण तेव्हा बुद्धमूर्ती दाखवायची, फोटो काढायचे आणि खाली उतरायचं, एवढंच. या वेळी शिलालेखांचं भाषांतर हातात घेऊन गेलो. एकूण २४ लेणी आहेत आणि बहुतेकांना वाटतं तसा पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. जुनं नाव त्रिरश्मी, लेखांतल्या प्राकृतात 'तिरण्हु'.

तिसऱ्या क्रमांकाचं लेणं हे चक्क एका आईने आपल्या मुलाच्या आठवणीत पूर्ण करवून घेतलेलं काम आहे. मुलगा साधासुधा नव्हे, गौतमीपुत्र सातकर्णी. आई गौतमी बलश्री. दर्शनी भागाचं ओझं खांद्यावर घेतलेले दगडी यक्ष आपण सगळ्यांनी पाहिलेत. वर व्हरांड्याच्या भिंतीवर तिचा लांबलचक लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याचं १९ वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. मुलाच्या मोहिमा, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचा अभिमान, शक-यवन-पह्लवांचा पाडाव, हे सगळं त्यात येतं. पण त्याच ओघात, तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होता, कर न्यायानेच घेई आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही, हेही येतं. शेवटची गोष्ट राजकवीला सुचली असेल असं मला वाटत नाही. ती आईनेच सांगून घातली असणार. (हा माझा तर्क, अभ्यासकांनी माफ करावं.)

लेणं भदावनीय भिक्षुसंघाला दिलं, आणि नातवाने आजीला बरं वाटावं म्हणून, पुण्य वडिलांच्या नावे करून, लेण्याच्या सजावटीसाठी डोंगराच्या नैऋत्येकडचं पिसाजिपदक गाव त्याला जोडून दिलं. म्हणजे स्मारक आणि त्याच्या खर्चाची सोय एकाच लेखात. आपण सभेत तासभर बोललो, त्यात दुसऱ्या गोष्टीवर एक मिनिटही खर्च झालं नव्हतं.

पण खरा हिशेब सापडतो दहाव्या लेण्यात. हे आधीचं, क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोरवलेलं. त्याने लेणं दिलं, पाण्याची टाकी खोदवली आणि वर तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली. अक्षयनीवी म्हणजे कधी न मोडायची ठेव, आपल्या भाषेत कॉर्पस फंड. पैसे ठेवले कुठे? तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडने पुढे गेल्यावर लागणारं आजचं गाव, असं मानतात. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवराचे, म्हणजे वस्त्रांचे, द्यायचे. हजाराच्या व्याजातून इतर किरकोळ खर्च.

मी बँकेतला माणूस, तिथेच पायरीवर बसून आकडे मांडले. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही! उरलेल्या हजारावर वर्षाला ९०. आपल्या ऑडिटरला दाखवावा असा ताळेबंद, तोही दगडात कोरलेला.

पुढे लिहिलंय, की हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि रिवाजाप्रमाणे नोंदवलं. म्हणजे सभेसमोर वाचन आणि दप्तरी नोंद, दोन्ही झालं. याच उषवदाताने भिक्षूंच्या अन्नासाठी चार हजार कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतलं, तेव्हा ते त्याच्या वडिलांच्या मालकीचं होतं, हेसुद्धा नमूद करायला तो विसरला नाही. कन्व्हेयन्ससाठी आपण किती वर्षं खेटे घातले हे ज्यांना आठवतंय, त्यांना या ओळीचं मोल कळेल.

अर्थात, एवढं करूनही सगळं सुरळीत चाललं असं नाही. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांपैकी बहुतेकांवर, नहपानाच्या मुद्रेवरच, त्याने आपला ठसा मारलेला आहे. नाणी अशी बदलली, पण उषवदाताच्या लेण्यातले लेख मात्र कुणी खरवडले नाहीत. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडे नवी कमिटी आली की आधी जुन्या कमिटीचा बोर्ड उतरतो.

गौतमीपुत्राने पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत राज्याच्या १८ व्या वर्षी इथल्या भिक्षूंना दिलं. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, गोवर्धनच्या अमात्याला दुसरा हुकूम गेला, तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने. मजकूर असा, की ज्या गावात ते शेत दिलं तिथे वस्ती नाही आणि शेत कुणी कसत नाही. सबब नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत. राजाचं दान कागदावर राहिलं होतं! कुणीतरी भिक्षू तक्रार घेऊन गेला असेल, कुणीतरी ती ऐकली असेल, आणि मग ती दुरुस्तीसुद्धा पहिल्या आदेशाखालीच कोरून ठेवली. चूक लपवली नाही. पुळुमावीच्या काळातही तेच. १९ व्या वर्षी लेण्याच्या देखभालीसाठी दिलेलं सुदसण गाव २२ व्या वर्षी बदलून समलिपद गाव दिलं. फक्त तीन वर्षांत सोय बदलावी लागली, आणि ती बदलली.

हे सगळं राजेरजवाड्यांचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. तर अठराव्या लेण्यावर, चैत्यगृहाच्या दारावरच्या कमानीखाली, एक छोटा लेख आहे. नासिककरांच्या धंभिक गावाचं दान, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या शहराच्या नावाच्या फार जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तो आहे वर्गणीच्या पावतीसारखा. त्याच चैत्यगृहाचं काही काम एकाने केलं, काही दुसऱ्याने, आणि शेवटी भट्टपालिका नावाच्या बाईने ते पुरं करवून घेतलं. आणखी पुढच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली, ती कुंभार, तेली वगैरेंच्या श्रेणींकडे.

उतरताना पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक लागतं. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या आणि नाशिकलाच शेवटचा श्वास घेतलेल्या माणसाचं स्मारक नाशिकात व्हावं हे रास्तच. बाकावर बसून मी चहा घेतला आणि शहरातली इतर स्मारकं आठवत बसलो. सीबीएसजवळचं हुतात्मा स्मारक, गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक. तिथे सभा होतात, पुस्तकं वाचली जातात, माणसांची ये-जा असते. येणारा माणूस धूळ बसू देत नाही, हे मी काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर म्हणून लिहून घेतलं.

उरलेलं अर्धं उत्तर ठरावाच्या मसुद्यात घातलं आहे. कारंजं काढून टाकलंय. मोठं शिल्प नाही. काळ्या दगडाचा बसका कट्टा, संध्याकाळी बसता येईल असा, त्यावर पाच नावं अकारविल्हे. जमलेल्या वर्गणीतला निम्मा भाग कट्ट्यावर, निम्मा स्वतंत्र मुदत ठेवीत. मुद्दल मोडायचं नाही आणि ही अट कट्ट्याच्या मागच्या बाजूला कोरायची. कट्टा पुसणं, झाडांना पाणी, पाच वर्षांनी अक्षरांना रंग, हे सगळं व्याजातून. व्याज अपुरं पडलं तर सभेने सोय बदलावी आणि तो बदलही खाली कोरावा. त्यासाठी दगडावर जागा मोकळी सोडायला मूर्तिकाराला सांगितलं आहे.

मसुदा काकूंना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. मुलाच्या नावापुढे 'कै.' नको, नुसतं नाव घाला. ती दुरुस्ती केली आहे.

मसुदा नोटीस बोर्डवर लावला आहे, सूचना सेक्रेटरींकडे लेखी द्याव्यात. स्मरणिका प्रकाशनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही काही जण लेण्यांवर जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी सात वाजता गेटपाशी जमावं. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाण्याची बाटली प्रत्येकाने आपापली आणावी.